कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून नर्सिंग: बी.एस्सी. झालेल्यांनी सुरुवात कुठून करावी

प्रश्न थोडक्यात असा: पुणे विद्यापीठातून २०१३ साली बी.एस्सी. मायक्रोबायॉलॉजी, पुढे दोन वर्षं पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम, आता फ्रेमाँटमध्ये एच-४ (एच-१बी धारकाच्या जोडीदाराच्या) व्हिसावर, ईएडी (काम करण्याची परवानगी) हातात आहे, मुलगी चार वर्षांची. जवळच्या कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून) नर्सिंग करायचं आहे. जुने विषय धरले जातील का, किती काळ लागेल, आणि ॲनाटॉमी, फिजिऑलॉजी, मायक्रोबायॉलॉजी तिन्ही एकाच सत्रात घेऊन लवकर मोकळं होता येईल का?

शेवटच्या भागाचं उत्तर आधी देते: तिन्ही एकत्र घेऊ नका. पूर्ण वेळ मोकळा असला तरी नको, आणि घरात चार वर्षांचं मूल असताना तर मुळीच नको. इथे नर्सिंगचा प्रवेश हातातून जातो तो याच तीन विषयांत.

कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत एखादा विषय सी किंवा त्याहून वरच्या श्रेणीने पास झालात की तो पुन्हा घेता येत नाही. आपल्याकडे श्रेणीसुधारासाठी परीक्षेला परत बसायची सोय असते, ती सवय इथे डोक्यातून काढून टाका. ॲनाटॉमीत सी मिळाला तर तो सी कायमचा. डी किंवा एफ मिळाला, किंवा मधेच विषय सोडून डब्ल्यू (‘विदड्रॉवल’चा शेरा) लागला, तर पुन्हा संधी मिळते, पण एका विषयाचे एकंदर तीनच प्रयत्न, आणि डब्ल्यूसुद्धा प्रयत्न म्हणूनच मोजला जातो. नर्सिंगच्या निवडीत जीवशास्त्राच्या या तीन विषयांची सरासरी स्वतंत्र काढतात आणि बऱ्याच कॉलेजांत एखादा विषय किती वेळा घेतला यालाही गुण असतात. समजा तिन्ही विषय पाच-पाच युनिटचे (श्रेयांकांचे) आहेत, आणि ए म्हणजे ४, बी म्हणजे ३, सी म्हणजे २. दोन ए आणि एक बी म्हणजे सरासरी ३.६७. दोन ए आणि एक सी म्हणजे ३.३३. एवढ्या फरकाने माणूस यादीच्या बाहेर राहतो. दुसऱ्या कॉलेजात जाऊन तोच विषय परत घेतला तरी सुटका नाही, कारण अर्जासोबत शिकलेल्या प्रत्येक कॉलेजचं ट्रान्सक्रिप्ट (सगळ्या विषयांचा एकत्र अधिकृत निकाल) द्यावं लागतं.

म्हणून दोन तारखा कॅलेंडरवर लिहून ठेवा. पहिली, डब्ल्यू न लागता विषय सोडता येण्याची. ती सत्राच्या सुरुवातीच्या दोन-तीन आठवड्यांतच येऊन जाते. दुसरी, डब्ल्यू घेऊन सोडता येण्याची. ती साधारण सत्राचे तीन-चतुर्थांश दिवस संपेपर्यंत असते. या दुसऱ्या तारखेच्या आदल्या आठवड्यात बसून हिशोब करा: आतापर्यंतचे गुण, उरलेल्या परीक्षांचा भार, आणि बी मिळण्यासाठी उरलेल्यात किती टक्के लागतील. गणित ९५ टक्क्यांच्या वर जात असेल तर आशेवर बसण्यापेक्षा डब्ल्यू बरा. फक्त तो एकदाच वापरायचा आहे असं समजून वापरा.

आता तुमच्या जुन्या विषयांबद्दल. लॅब असलेल्या विज्ञान विषयांना अनेक कॉलेजं पाच किंवा सात वर्षांची मुदत लावतात. तुमचं मायक्रोबायॉलॉजी २०१३ चं, शिवाय परदेशातलं. ते इथे पुन्हा करावं लागेल असं धरूनच चाला. त्यासाठी वाद घालण्यात वेळ घालवू नका. मात्र रसायनशास्त्राच्या बाबतीत प्रयत्न जरूर करा. फिजिऑलॉजी आणि मायक्रोबायॉलॉजीला आधी केमिस्ट्री झालेली असावी अशी अट बहुतेक ठिकाणी असते, आणि ती जुन्या केमिस्ट्रीवर भागली तर एक पूर्ण सत्र वाचतं. त्यासाठी पदवीचं विषयवार मूल्यांकन लागतं. डब्ल्यूईएस किंवा ईसीई यांसारख्या, एनएसीईएसच्या (अशा मूल्यांकन संस्थांच्या संघटनेच्या) सदस्य असलेल्या संस्थेकडून ते करून घ्या, पण पैसे भरण्याआधी तुमचं कॉलेज कोणत्या संस्थेचं मूल्यांकन मानतं ते विचारा. मूल्यांकन ‘विषयवार’ प्रकारचंच मागा. नुसती ‘पदवीची समकक्षता’ सांगणारा स्वस्त अहवाल इथे काही कामाचा नाही.

गुणपत्रिका म्हणजे ट्रान्सक्रिप्ट नव्हे, हे लक्षात ठेवा. विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टसाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि ते मूल्यांकन संस्थेकडे थेट विद्यापीठाकडूनच जावं लागतं. सोबत केमिस्ट्री ज्या वर्षांत होती त्या सगळ्या वर्षांचा अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यानिशी मिळवा. त्यात प्रात्यक्षिकांचे तास दिसले पाहिजेत. आणि नावाचा घोळ आधी मिटवा. पदवी माहेरच्या नावाने, पासपोर्ट सासरच्या नावाने, मधलं नाव एकीकडे वडिलांचं आणि दुसरीकडे नवऱ्याचं, ही आपल्याकडची नेहमीची गत. विवाह नोंदणीचा दाखला स्कॅन करून प्रत्येक अर्जाला जोडा आणि इथल्या सगळ्या नोंदींत पासपोर्टवरचंच नाव अक्षरशः तसंच ठेवा. प्रवेश परीक्षेला आणि शेवटी परवाना परीक्षेला ओळखपत्रावरचं आणि नोंदणीचं नाव जुळलं नाही तर दारातूनच परत पाठवतात.

फीबद्दल एक गोष्ट. राज्याच्या रहिवाशाला युनिटला ४६ डॉलर पडतात. पाच युनिटचे तिन्ही विषय मिळून ६९० डॉलर. अनिवासी म्हणून नोंद झाली तर हाच आकडा कित्येक पटींनी वाढतो. एच-४ वर रहिवासी ठरता येतं, पण सत्र सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत कॅलिफोर्नियात एक वर्ष आणि एक दिवस राहिल्याचा आणि इथेच राहण्याच्या इराद्याचा पुरावा लागतो: घराचा करारनामा, राज्याचं कर विवरणपत्र, वाहन परवाना. ऑनलाइन अर्जात व्हिसाचा प्रकार चुकीचा निवडला की संगणक आपोआप अनिवासी ठरवतो. बिल मोठं आलं तर घाबरून भरू नका, ॲडमिशन्स ऑफिसात कागद घेऊन जा. सरकारी पेल ग्रँट मात्र एच-४ ला मिळत नाही; ती नागरिक, ग्रीन कार्डधारक आणि आणखी काही मोजक्या गटांसाठी आहे. एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर असलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांना रहिवासी फी लागू होत नाही, आणि नर्सिंगला एफ-१ विद्यार्थी घेतात का हे प्रत्येक कॉलेजला आधीच विचारावं लागतं.

पण त्याआधी, नर्सिंगच का, हे एकदा पक्कं करा. तुमच्या मायक्रोबायॉलॉजीला आणि लॅबच्या हाताला इथे दुसरा रस्ताही आहे. कॅलिफोर्नियात क्लिनिकल लॅबोरेटरी सायंटिस्ट हा राज्याचा परवाना असतो. त्याला अमेरिकन पदवीच्या तोडीची पदवी लागते. हिमॅटॉलॉजी, इम्युनॉलॉजी, मेडिकल मायक्रोबायॉलॉजी, बायोकेमिस्ट्री हे विषय लागतात, भौतिकशास्त्रात प्रकाश आणि वीज झालेली लागते, आणि वर एक वर्षाचं प्रशिक्षण. अडचण अशी, की तीन वर्षांची बी.एस्सी. प्रत्येक मूल्यांकनात पूर्ण पदवी धरली जातेच असं नाही. धरली गेली तर राहिलेले विषय कम्युनिटी कॉलेजात कमी पैशांत भरून काढता येतात. नाही धरली, तर क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात मेडिकल लॅब टेक्निशियनचा अभ्यासक्रम आहे. त्यामुळे मूल्यांकनाचा अहवाल हातात येईपर्यंत नर्सिंगचा निर्णय पक्का करू नका. तोपर्यंत दोन्हीकडे उपयोगी पडणारे विषय घेत राहा.

रुग्णाजवळच काम करायचं असेल तर नर्सिंगखेरीजही पर्याय आहेत आणि आपली माणसं त्यांचा विचारच करत नाहीत. तुमच्या आसपास ओलोनी कॉलेजात नर्सिंगबरोबर रेस्पिरेटरी थेरपी आणि फिजिकल थेरपिस्ट असिस्टंट आहे, हेवर्डच्या शॅबो कॉलेजात नर्सिंग आणि डेंटल हायजीन, फुटहिलमध्ये रेडिओलॉजिक टेक्नॉलॉजी, सोनोग्राफी, रेस्पिरेटरी. रेस्पिरेटरी थेरपिस्ट म्हणजे व्हेंटिलेटर, ऑक्सिजन, धमनीतल्या रक्तवायूंची तपासणी सांभाळणारा माणूस. अतिदक्षता विभागात त्याच्याशिवाय पान हलत नाही. कोणताही अभ्यासक्रम निवडताना त्याची मान्यता बघा: रेडिओग्राफीला जेआरसीईआरटी, रेस्पिरेटरीला कोआर्क, डेंटल हायजीनला कोडा. नर्सिंगला कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ रजिस्टर्ड नर्सिंगची मंजुरी अनिवार्य, आणि एसीईएनची राष्ट्रीय मान्यता असली तर पुढे दुसऱ्या राज्यात जाणं सोपं जातं. महागड्या खासगी संस्था जाहिरातीत ‘मेडिकल असिस्टंट’ आणि ‘नर्सिंग’ शेजारी शेजारी लिहितात. मेडिकल असिस्टंटच्या शिक्षणाने नर्सिंगचा परवाना मिळत नाही.

आणि भारतातून जीएनएम किंवा बी.एस्सी. नर्सिंग करून आलेलं कुणी हे वाचत असेल तर त्यांनी पहिल्यापासून सुरुवात करू नये. राज्याच्या नर्सिंग बोर्डाकडे कागदपत्रं पाठवून थेट परवाना परीक्षेला पात्रता मागावी. कॅलिफोर्नियात भारतीय अर्ज बहुधा एकाच कारणावर अडकतात: एखाद्या शाखेचं वर्गातलं शिक्षण आणि वॉर्डातलं काम एकाच काळात झाल्याचं कागदावर दिसत नाही. तेवढी तूट भरून काढणं पूर्ण अभ्यासक्रमापेक्षा फार थोडं काम आहे.

तुमच्यासाठी क्रम मी असा लावेन. पहिल्या सत्रात इंग्रजी लेखन आणि स्टॅटिस्टिक्स; त्यातच केमिस्ट्रीची अट भागते का ते कळेल. दुसऱ्या सत्रात ॲनाटॉमी, सोबत फार तर मानसशास्त्र. तिसऱ्यात फिजिऑलॉजी एकटी. चौथ्यात मायक्रोबायॉलॉजी, आणि त्याच दरम्यान प्रवेश परीक्षा. म्हणजे दोन वर्षं पूर्वतयारी, दोन वर्षं नर्सिंग. निवड चिठ्ठ्या टाकून होते की गुणांवर, हे कॉलेजागणिक बदलतं, म्हणून तीन-चार कॉलेजांना अर्ज करायचेच आणि एखादं वर्ष थांबावं लागलं तर धक्का बसू द्यायचा नाही. इंग्रजीचा विषय हलका समजू नका. तिथे गाइडमधलं उतरवलं तर सॉफ्टवेअर पकडतं आणि शिस्तभंगाची नोंद होते. संदर्भ कसा द्यायचा ते पहिल्याच निबंधाला शिकून घ्या, कारण नर्सिंगचे सगळे निबंध त्याच पद्धतीने लिहायचे असतात.

ॲनाटॉमीच्या वर्गात जागा मिळणं हीच मोठी लढाई असते. ओरिएंटेशन आणि काउन्सेलरसोबतचा शैक्षणिक आराखडा पूर्ण केल्याशिवाय नोंदणीची लवकरची तारीख मिळत नाही, म्हणून ते आधी उरका. वेटलिस्टवर असाल तर पहिल्या दिवशी वर्गात हजर राहा. जे येत नाहीत त्यांची नावं शिक्षक काढतात आणि उरलेल्या जागांचे ॲड कोड (नोंदणीसाठी लागणारे क्रमांक) समोर बसलेल्यांना देतात.

अभ्यासाचं म्हणाल तर ॲनाटॉमीची प्रात्यक्षिक परीक्षा टेबलाटेबलांवर असते. हाड किंवा मॉडेलवर टाचणी लावलेली, साधारण मिनिटभर वेळ, घंटा वाजली की पुढच्या टेबलावर. स्पेलिंग चुकलं की गुण गेला. मराठी कानाला इथे एक खास खड्डा आहे: कंबरेचं हाड आणि लहान आतड्याचा शेवटचा भाग, दोन्ही आपण ‘इलियम’च म्हणतो. हाडाच्या स्पेलिंगमध्ये दुसरं स्वराक्षर आय, आतड्याच्यात ई. असे जोडीदार शब्द वहीत शेजारी शेजारी लिहून ठेवा. उलट एक मोठा फायदाही आपल्याकडे आहे. लॅटिन आणि ग्रीक मुळं संस्कृतच्या भावंडांसारखी आहेत: डेन्स म्हणजे दंत, जेनू म्हणजे जानु, ऑस्टिऑन म्हणजे अस्थी, नेसस म्हणजे नासा, पेडिसमधला पेड म्हणजे पद. ही ओळख पटली की शब्द पाठ करावे लागत नाहीत. पुस्तकातली चित्रं बघून अभ्यास झाला असं समजणं ही नेहमीची चूक. हाड हातात घेऊन उजवं की डावं हे सांगता आलं पाहिजे. मांडीच्या हाडाचं डोकं आतल्या बाजूला आणि उभा खडबडीत कंगोरा मागच्या बाजूला धरला की बाजू लगेच कळते. त्यासाठी मोकळ्या लॅबच्या वेळेत आठवड्याला दोन-तीन फेऱ्या लागतात.

फिजिऑलॉजीत व्याख्या विचारतच नाहीत. ‘माणसाला दिवसभर पाणी मिळालं नाही, तर रक्ताची सांद्रता, एडीएच (शरीरात पाणी राखणारं संप्रेरक) आणि लघवी यांचं काय होईल’ असा प्रश्न असतो. कोऱ्या कागदावर बाण काढत साखळी मांडायची आणि मग एक दुवा तोडून पुढे काय बिघडेल ते सांगायचं, हाच अभ्यास. मायक्रोबायॉलॉजी तुम्हाला सोपी जाईल, आणि धोका नेमका तिथेच आहे. इथे शेवटी एक अनोळखी जीवाणू देतात, तो चाचण्यांनी ओळखायचा असतो आणि प्रत्येक पायरीची नोंद तपासली जाते. ग्रॅम रंजनात क्रिस्टल व्हायोलेट एक मिनिट, आयोडीन एक मिनिट, मग अल्कोहोल काही सेकंदच, धार रंगहीन होईपर्यंत, आणि लगेच पाणी. अल्कोहोल जास्त झालं किंवा कल्चर शिळं असलं की ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणू गुलाबी दिसतो, आणि त्यावर उभारलेल्या पुढच्या सगळ्या चाचण्या चुकीच्या वाटेला जातात. ओळखीच्या एका पॉझिटिव्ह आणि एका निगेटिव्ह जीवाणूचा डाग त्याच काचपट्टीवर शेजारी घ्या.

प्रवेश परीक्षा बहुतेक ठिकाणी टीज (TEAS) असते: १७० प्रश्न, २०९ मिनिटं, वाचन, गणित, विज्ञान, इंग्रजी. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजांत पात्रतेची रेषा ६२ टक्के, पण गुणांवर निवड असेल तर रेषेजवळचे गुण उपयोगाचे नाहीत. आपल्याकडून येणारे वाचनात आणि इंग्रजीत गुण सोडतात. परीक्षा फिजिऑलॉजी संपल्यावर महिनाभरात दिली तर विज्ञानाचा भाग ताजा असतो.

आरोग्याच्या कागदांना वेळ लागतो, म्हणून प्रवेशाची वाट न बघता सुरू करा. भारतातली लसीकरणाची पिवळी पडलेली कार्डं इथे फारशी चालत नाहीत. रक्तातली प्रतिपिंडं मोजून घ्यायची: गोवर, गालगुंड, रुबेला, कांजिण्या, हिपॅटायटिस बी. हिपॅटायटिस बीची नेहमीची मालिका ०, १ आणि ६ महिन्यांची. हेप्लिसॅव्ह-बी घेतली तर महिन्याच्या अंतराने दोनच डोस. शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांनी तपासणी, आणि पातळी किमान १० यायला हवी. लहानपणी बीसीजी घेतली असल्याने क्षयाची त्वचा चाचणी आपल्यात पुष्कळदा खोटी पॉझिटिव्ह येते. म्हणून सरळ रक्ताची चाचणी मागा, क्वांटिफेरॉन किंवा तत्सम. तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवर किंवा कांजिण्यांची जिवंत लस घेणार असाल तर क्षयाची चाचणी त्याच दिवशी किंवा चार आठवड्यांनंतर करा, नाहीतर निकाल खोटा निगेटिव्ह येऊ शकतो. गरोदरपणात आणि गर्भधारणेच्या महिनाभर आधी या लसी चालत नाहीत, तेव्हा दुसऱ्या मुलाचा विचार असेल तर क्रम ठरवून घ्या. लघवीच्या मादक पदार्थ तपासणीआधी भारतातून आणलेलं कोडीनचं खोकल्याचं औषध घेऊ नका. ती तपासणी पॉझिटिव्ह आली की प्रवेश धोक्यात येतो, आणि गांजा राज्यात कायदेशीर असला तरी इथे तो धरला जात नाही असं नाही.

प्रवेश झाल्यावर पहिल्याच महिन्यात औषधमात्रेची परीक्षा असते आणि तिला अनेक ठिकाणी ९० टक्क्यांहून जास्त लागतात. गणित सातवी-आठवीचं, चुका एककांच्या. डॉक्टरांनी ०.२५ मिलिग्रॅम लिहिलं, गोळी १२५ मायक्रोग्रॅमची, तर दोन गोळ्या. १००० मिली सलाइन ८ तासांत म्हणजे तासाला १२५ मिली. नळी मिलीला १५ थेंबांची असेल तर १२५ गुणिले १५ भागिले ६०, म्हणजे ३१.२५, मिनिटाला ३१ थेंब. वजन पौंडात दिलं तर २.२ ने भागून आधी किलो करा. दशांशाआधी शून्य नेहमी लिहा, पूर्णांकानंतर कधीच लिहू नका: ‘.५’ हे ५ वाचलं जातं आणि ‘५.०’ हे ५०. आणि मधल्या पायरीत आकडा गोल करू नका, शेवटीच करा.

नर्सिंगच्या पेपरांत पास होण्याची रेषा बहुधा ७५ टक्क्यांच्या आसपास असते आणि पर्याय चारही बरोबर असतात. ‘आधी काय कराल’ ते निवडायचं असतं. श्वासमार्ग, श्वास, रक्ताभिसरण हा क्रम, अस्थिर रुग्ण स्थिर रुग्णाच्या आधी, आणि कृती करण्याआधी तपासणी, जोवर जीव धोक्यात नाही. पुस्तक तोंडपाठ असलेले विद्यार्थी इथे नापास होतात. रोज २०-२५ सराव प्रश्न सोडवा आणि प्रत्येक चुकलेल्या पर्यायापुढे तो का चुकला ते एका ओळीत लिहा. शेवटची एनक्लेक्स, म्हणजे नर्सिंगच्या परवान्याची परीक्षाही अशीच आहे: ८५ ते १५० प्रश्न, पाच तास, उत्तरांप्रमाणे पुढचा प्रश्न ठरतो.

घरी एक बोलणी आत्ताच करा. क्लिनिकलचे (रुग्णालयातल्या प्रत्यक्ष कामाचे) दिवस सकाळी पावणेसातला सुरू होतात, रुग्णालय तीस-चाळीस मैलांवरचं मिळू शकतं, आणि सत्रात दोनहून अधिक गैरहजेऱ्या बहुतेक ठिकाणी खपत नाहीत. मुलीला ताप आला त्या दिवशी कोण थांबणार, याचं नाव ठरलेलं हवं, आणि ते नसेल तेव्हा दुसरं. सासू-सासरे सहा महिन्यांसाठी येणार असतील तर त्यांचं येणं सुट्टीत न ठेवता पहिल्या क्लिनिकल सत्रात बसवा. स्वतःची गाडी चालवण्याचा परवाना त्याआधी झालेला हवा.

या आठवड्यात तीन कामं करा: विद्यापीठाकडे ट्रान्सक्रिप्टचा अर्ज, प्रतिपिंडांच्या रक्ततपासणीसाठी डॉक्टरांची वेळ, आणि कॉलेजच्या काउन्सेलरची भेट. काउन्सेलरला पहिला प्रश्न केमिस्ट्रीचा विचारा: परदेशी केमिस्ट्रीवर पूर्वअट माफ करण्याचा फॉर्म कोणता, आणि तो नोंदणी उघडण्याच्या किती आठवडे आधी द्यावा लागतो.